गल्ल्यामागची लेखणी

मराठी रंगभूमीच्या इतिहासात शंकर बापूजी मुजुमदार हे नाव वारंवार भेटते, पण बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत भेटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या गोष्टीत ते पहिल्या संचातले नट असतात, बालगंधर्वांच्या गोष्टीत कंपनीचे मालक, गडकऱ्यांच्या गोष्टीत पोटाला काम देणारे गृहस्थ आणि दीनानाथांच्या गोष्टीत सोडून जाण्याचे ठिकाण. नाटक मंडळीचा व्यवस्थापक म्हणजे ज्याच्याशी सगळ्यांचे भांडण होते असा माणूस, अशी आपली समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण याच माणसाने १९०४ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र लिहिले आणि १९०७ साली ‘रंगभूमी’ नावाचे, केवळ नाट्यविषयाला वाहिलेले मासिक काढले. नाटकाची तिकिटे विकणारा माणूस नाटकाबद्दल लिहायला का बसला आणि त्या लिहिण्यावर गल्ल्याची सावली किती पडली, हे दोन प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आहेत.

मी राहतो बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला. निजामाच्या अमदानीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते. आमच्याकडे मुकुंदराज आणि दासोपंतांची परंपरा आहे, कीर्तन आहे, जत्रेतला तमाशा आहे. पण संगीत नाटकाचा सुवर्णकाळ म्हणून जे काही सांगितले जाते ते आमच्या भागाने पाहण्याआधी वाचले. याचे एक कारण अगदी व्यवस्थापकी आहे. पडदे, विंगा, कपड्यांचे पेटारे, स्वयंपाकाची भांडी आणि पन्नास-साठ माणसे घेऊन फिरणाऱ्या कंपनीचा दौरा रेल्वेच्या रुळांवरून आखला जात असे. परळीला रूळ होते, पण खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली ती २०२५ साली. नाटके छापील पानांतून ओळखणाऱ्या प्रदेशातल्या माणसाला, ती छापील पाने कुणी तयार केली याचे कुतूहल वाटणे साहजिक आहे.

मुजुमदारांची सुरुवात गल्ल्यावर झाली नाही, रंगमंचावर झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मोरोबा वाघोलीकर दुष्यंत होते, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. पुढे १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. त्यांच्या गळ्यापुढे कंपनीतल्या इतर स्त्री-भूमिका करणाऱ्यांचे तेज फिके पडले, हे सगळ्यांनी लिहून ठेवले आहे. एका नटाला आपल्यापेक्षा मोठा नट आपल्याच कंपनीत आलेला दिसतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे कंपनी सोडणे. दुसरी म्हणजे कंपनीला आपली गरज पडेल असे दुसरे काम शोधणे. मुजुमदारांनी दुसरी वाट धरली असे मला त्यांच्या एकूण कारकिर्दीवरून वाटते. नट बदलत गेले, शंकरराव मात्र राहिले.

अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजी वारले. ‘शाकुंतल’पासून मोजले तर पाच वर्षे आणि दोन दिवस. ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. एवढ्या थोड्या काळात एका माणसाने संगीत नाटकाचा जो साचा पाडला तो पुढे पन्नास वर्षे चालला, हे आश्चर्य आपण नेहमी सांगतो. त्याहून कमी सांगितले जाणारे आश्चर्य हे की संस्थापक गेल्यावरही ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ हे नाव तीन दशकांहून अधिक काळ चालत राहिले, आणि त्या काळात मंडळीत किर्लोस्कर असे कुणी नव्हते. दुकानाच्या पाटीवर मृत मालकाचे नाव असते तसे हे नाव होते. आणि पाटीवरचे नाव चालवायचे असेल तर त्या नावामागची गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत असावी लागते.

आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहू. भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी गेले. कंपनीचा कारभार नानासाहेब जोगळेकर आणि शंकरराव मुजुमदार यांच्याकडे आला. जोगळेकर उत्तम नट, पण भाऊरावांच्या गाण्यावर जमणारी गर्दी एका नटाने भरून निघण्यासारखी नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचा कंपनीत प्रवेश झाला तो १९०५ साली. त्यासाठी शाहू महाराजांनी लक्ष घातले, मिरजेला कानावर उपचार झाले, गोविंद बल्लाळ देवलांनी तालीम दिली आणि मिरजेलाच तो मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. म्हणजे १९०१ ते १९०५ हा कंपनीचा पोकळीचा काळ. अण्णासाहेबांचे चरित्र याच पोकळीत, १९०४ साली आले.

हा योगायोग आहे असे मी मानत नाही. १९०३ साली आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे ‘मराठी रंगभूमि’ प्रसिद्ध झाले होते. त्या पुस्तकाने मराठी नाटकाला पहिल्यांदा एक सलग इतिहास दिला. इतिहास लिहिला जाऊ लागला की त्यात आपली जागा कोणती हा प्रश्न प्रत्येक कंपनीला पडणारच. कुलकर्णी बाहेरून पाहणारे होते. मुजुमदारांना जे माहीत होते ते विंगेतून पाहिलेले होते. आज गायक नट नसलेल्या कंपनीजवळ निदान एक गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कुणाजवळ नव्हती, ती म्हणजे अण्णासाहेबांच्या सहवासाची आठवण. ती आठवण त्यांनी पुस्तकात घातली. यात धंद्याची बुद्धी होती असे म्हटल्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही. गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेला मुलगा, शिक्षकाची आणि सरकारी कचेरीची नोकरी, पुण्यात पारशी कंपनीचे ‘इंद्रसभा’ पाहून घेतलेला ध्यास आणि मग ‘शाकुंतल’ ही जी कथा आपण शाळेपासून ऐकतो, तिचा मोठा आधार हे चरित्र आहे. पुढच्या अभ्यासकांना अण्णासाहेबांकडे जाताना मुजुमदारांच्या दारावरूनच जावे लागले.

इथे मला एका दूरच्या माणसाची आठवण होते. १८७८च्या डिसेंबरात डब्लिनचा एक सरकारी कारकून लंडनला आला आणि लायसियम थिएटरचा व्यवस्थापक झाला. त्याने कचेरीतल्या कारकुनांच्या कर्तव्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले होते आणि वर्तमानपत्रासाठी बिनपगारी नाट्यपरीक्षणे केली होती. असेच एक परीक्षण वाचून नट हेन्री अर्व्हिंग खूश झाला आणि पुढे त्याने या कारकुनाला आपल्याकडे बोलावून घेतले. हा ब्रॅम स्टोकर. जगाला तो ‘ड्रॅक्युला’चा लेखक म्हणून माहीत आहे, पण त्याने आयुष्याची सत्तावीस वर्षे अर्व्हिंगची पत्रे लिहिण्यात, हिशेब पाहण्यात, अमेरिकेचे दौरे आखण्यात आणि दाराशी उभे राहून प्रतिष्ठित पाहुण्यांचे स्वागत करण्यात घालवली. ‘ड्रॅक्युला’ची टिपणे १८९० पासूनची आहेत आणि पुस्तक निघाले १८९७ साली. एवढी वर्षे लागली यात नवल नाही. दिवसभर थिएटर चालवणाऱ्याला लिहायला उरते ती सुट्टी. पुस्तक निघण्याच्या आठ दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, नाट्यहक्क राखण्यासाठी त्याने लायसियममध्येच त्याचे नाट्यवाचन घडवून आणले. हे काम कादंबरीकाराचे नव्हे, व्यवस्थापकाचे.

पण मुजुमदारांशी स्टोकरचे नाते ‘ड्रॅक्युला’मुळे जुळत नाही. अर्व्हिंग १३ ऑक्टोबर १९०५ रोजी दौऱ्यावर असताना वारला आणि पुढच्याच वर्षी स्टोकरने त्याच्या आठवणींचे दोन खंड प्रसिद्ध केले. १९०४ साली पुण्यात आणि १९०६ साली लंडनमध्ये, एकमेकांचे नावही न ऐकलेले दोन नाट्यव्यवस्थापक आपापल्या दिवंगत मुख्याचे चरित्र लिहून छापतात. ही जुळणी मला फार बोलकी वाटते. स्टोकरच्या खंडांत थिएटरातल्या मेजवान्यांना आलेल्या पाहुण्यांच्या नावांच्या याद्या पानेच्या पाने आहेत. १८९८ साली देखाव्यांच्या गोदामाला आग लागून चव्वेचाळीस नाटकांचे सामान जळाले, आणि त्याच्या थोडे आधीच विम्याची रक्कम कमी केली होती, हेही तो सांगतो. नटाच्या चरित्रात विमा! हे फक्त व्यवस्थापकाला सुचते. अभिनयाच्या वर्णनाने पाने भरणाऱ्या रसिकाला ती आग दिसते, विमा दिसत नाही. अर्व्हिंगच्या अखेरच्या वर्षांची घसरण समजून घ्यायला मात्र तो विमाच लागतो.

फरकही मोठा आहे. स्टोकर शेवटपर्यंत नोकर होता. अर्व्हिंगने केलेल्या चुका त्याने सहन केल्या, पण कंपनी त्याची नव्हती. मुजुमदार नटाचे भागीदार झाले आणि भागीदाराचे मालक. म्हणून स्टोकरच्या लेखणीला भक्तीचा दोष लागतो, तर मुजुमदारांच्या लेखणीकडे पाहताना हितसंबंधाचा विचार करावा लागतो. ‘रंगभूमी’ मासिकाच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. एका नाटक कंपनीचा चालक नाट्यविषयक मासिकाचा संपादकही असेल, तर त्या मासिकातला दुसऱ्या कंपनीवरचा शब्द वाचक कसा वाचेल? आजच्या भाषेत आपण याला गैर म्हणू. पण त्या वेळी असे मासिक काढण्याइतका नाटकाशी रोजचा संबंध, हाताशी लिहिणारी माणसे आणि जाहिरातीची अक्कल या तिन्ही गोष्टी एका नाटक मंडळीजवळच असू शकत होत्या. वर्तमानपत्रे नाटकावर लिहीत होती ती मधूनमधून. नाटक हा विषय महिन्याच्या महिन्याला गंभीरपणे लिहिण्याजोगा आहे, त्यातल्या माणसांची चरित्रे जपण्याजोगी आहेत, ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. नटाला भाड्याने घर मिळायची मारामार होती असा तो काळ.

हाताशी लिहिणारी माणसे म्हटले, त्यातला एक माणूस म्हणजे राम गणेश गडकरी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानणारा हा तरुण १९०६च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आला. कंपनीतल्या पोरांना शिकवायचे, प्रयोगाच्या वेळी दारावर उभे राहायचे आणि ‘रंगभूमी’च्या कामाला हातभार लावायचा, असे ते त्रिविध काम होते. गडकऱ्यांच्या चरित्रात डोअरकीपरचा उल्लेख नेहमी अपमान म्हणून येतो. मला तो तसा वाटत नाही. दारावरच्या माणसाला प्रेक्षक आत जाताना दिसतो आणि बाहेर पडतानाही. कोणत्या प्रवेशाला पिटातले लोक पान खायला उठतात आणि कोणत्या वाक्यावर परत येऊन बसतात, हे त्याला लेखकाआधी कळते. गडकऱ्यांच्या टाळीच्या वाक्यांचा हिशेब चुकत नाही, त्याचे मूळ प्रतिभेत आहे हे खरे. पण त्या दारातही थोडे असावे. पुढे १९१६ साली त्याच किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘पुण्यप्रभाव’ रंगमंचावर आणले. दारावरचा माणूस दहा वर्षांत कंपनीचा नाटककार झाला.

मधल्या काळात कंपनीचे जे झाले ते मराठी वाचकाला चांगले माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. बालगंधर्वांच्या निष्ठेची ही कथा म्हणून आपण ती सांगतो आणि ते योग्यच आहे. पण अशा दिवशी दाराशी जमलेली गर्दी, विकलेली तिकिटे आणि आत बसलेला बाप या तिघांच्या मध्ये जो उभा असतो त्याचा विचार कुणी करत नाही. त्याच वर्षी जोगळेकर वारले आणि कारभार एकट्या मुजुमदारांच्या हाती आला. मालक आणि नट यांचे पटेनासे झाले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. मुजुमदारांनी हार मानली नाही. १९१४ साली दीनानाथ मंगेशकर हा कोवळा मुलगा त्यांच्याकडे आला. १९१८ साली तोही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडला आणि बलवंत संगीत मंडळी उभी राहिली.

आता गंमत पाहा. गेलेल्यांनी पुढे काय केले? बोडसांनी १९४० साली ‘माझी भूमिका’ लिहिली. टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहिले. चिंतामणराव कोल्हटकरांनी १९५७ साली ‘बहुरूपी’ लिहिले, ज्याला मी मराठी नाट्यआत्मचरित्रांत फार वरची जागा देतो. म्हणजे मुजुमदारांना सोडून गेलेली जवळजवळ प्रत्येक फळी लेखणी घेऊन बसली. ज्याने दुसऱ्यांची चरित्रे लिहायचा पायंडा पाडला, त्याचे चित्र आपल्यापर्यंत आले ते त्याच्याशी न पटलेल्या माणसांच्या पुस्तकांतून. ही पुस्तके खोटी आहेत असे मी म्हणत नाही. पण नाटक कंपनीतले भांडण हे बहुधा पगार, उचल आणि भागीदारी यांवरून होते, आणि त्या भांडणाच्या वह्या मालकाजवळ असतात. आठवणी नटाजवळ असतात. टिकतात त्या आठवणी.

नट स्वतः मालक झाले तेव्हा काय झाले, हेही या संदर्भात पाहिले पाहिजे. गंधर्व मंडळीचे वैभव डोळे दिपवणारे होते, आणि स्थापनेनंतर आठ वर्षांच्या आत कंपनीवर लाखाच्या वर कर्ज झाले होते. बालगंधर्व ते नाटके करून फेडत बसले. बलवंत मंडळी बोलपटांच्या लाटेत सिनेमाकडे वळली, १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले आणि तिथे बुडाली. अत्तर, गालिचे आणि भरजरी शालू यांच्या आठवणीने आपण हळवे होतो. ती बिले कोण चुकती करत होते याची आठवण कुणी काढत नाही. शंकरराव मुजुमदार कंजूष होते की हिशेबी, हे ठरवताना ही पुढची उदाहरणे समोर ठेवावीत असे माझे म्हणणे आहे. मी त्यांना हिशेबी म्हणतो.

व्यवस्थापकाने लिहिण्याची ही परंपरा मुजुमदारांनीही सुरू केली असे म्हणता येणार नाही. तिचा आरंभ खुद्द विष्णुदास भावे यांच्यापाशी आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या भाव्यांना राजाश्रय आटल्यावर गावोगाव हिंडणारी मंडळी चालवावी लागली, १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. फिरणे थांबवल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८८५ साली, त्यांनी आपला ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत आपला उद्योग कसा सुरू झाला ते सांगितले. मराठी नाटकाच्या जन्माची कथा जी आपण सांगतो ती या प्रस्तावनेवर उभी आहे. अण्णासाहेब ज्या वर्षी गेले त्याच वर्षी भाव्यांचे पुस्तक आले, ही नोंद करून ठेवण्याजोगी आहे. दोन्ही पिढ्यांची साक्ष कंपनी चालवणाऱ्यांनी दिली. विद्वान नंतर आले.

विद्वानांना या साक्षीची किंमत कळायला वेळ लागला, कारण व्यवस्थापकाचे गद्य सुंदर नसते. त्यात तारखा, गावे, माणसांची नावे, कोण कधी आला आणि कधी गेला याच्या नोंदी असतात. स्टोकरच्या खंडांना समकालीनांनी ‘ड्रॅक्युला’हून जास्त मान दिला, पुढे जगाने तो क्रम उलटा केला. त्या कादंबरीवरून जर्मनीत ‘नोस्फेराटू’ निघाला, हॉलिवूडने चित्रपट काढले, आणि त्या रक्तपिपासू वंशावळीची एक दूरची फांदी स्टीफन किंगच्या मार्गे नारायण धारपांच्या ‘लुचाई’पर्यंत आली. आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजातली मुले ‘लुचाई’ रात्रभर जागून वाचत. अर्व्हिंगच्या आठवणींचे दोन खंड कुणाला माहीतही नव्हते. मुजुमदारांच्या बाबतीत असा दुसरा, लोकप्रिय डाव नव्हता. त्यांच्याजवळ फक्त पहिला होता, म्हणून ते ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात गेले.

या विषयाकडे मी पुन्हा वळलो तो तमाशामुळे. आमच्या जिल्ह्यातल्या जत्रांना आजही फड येतात. हा धंदा दसऱ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत चालतो, पावसाळ्यात बंद. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात, तारीख ठरते, उचल मोजली जाते. कोणता फड कोणत्या गावी कितीला गेला, पावसाने खेळ मोडला तर पैसे कुणाचे बुडाले, सोंगाड्याला पुढच्या हंगामाची उचल दुसऱ्याने देऊन कसा पळवला, हे सगळे तिथल्या व्यवस्थापकांना तोंडपाठ असते. तमाशावरची पुस्तके मी जमतील तेवढी वाचली आहेत. त्यांत लावणी आहे, वग आहे, कलावंतिणींचे हाल आहेत, पठ्ठे बापूराव आणि विठाबाई आहेत. राहुटीत बसून सुपारी लिहून घेणारा माणूस त्यांत क्वचित दिसतो. त्याने स्वतः लिहिलेले तर दिसतच नाही. फडाचा मॅनेजर हिशेबाची वही हंगाम संपला की बदलतो, आणि जुनी वही सामानाच्या ट्रकमध्ये किंवा चुलीत जाते. बोर्डावर नाव असते ते मालकिणीचे किंवा तिच्या आईचे, म्हणजे पुन्हा पाटीवरचे नाव, किर्लोस्करांसारखे. त्या नावामागची गोष्ट नीट सांगू शकेल असा माणूस प्रत्येक फडात आजही आहे. तो साधारण साठीचा असतो, खेळ सुरू असताना तिकिटाच्या खिडकीपाशी बसलेला असतो, आणि खेळाबद्दल विचारले की आधी आजची बुकिंग किती झाली ते सांगतो.